चूल गार होती तो दिवस

मित्रांनो, शिरोळ तालुक्यातल्या एका स्वयंपाकघरात, चुलीवरच्या फळीवर एक काळवंडलेला पितळी डबा आहे. त्यात मीठ नाही, मसाला नाही. तो डबा म्हणजे मी, चुलीच्या धगीतून वीज करणारं एक जुनं यंत्र.

माझा जन्म १९७३ साली कोल्हापुरात झाला. मला घडवणारी मेहमुदा नुकतीच पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली होती. तिचे वडील कुतुबुद्दीन गॅसबत्त्या दुरुस्त करत. बत्तीतली मँटलची जाळी तापली की उजेड देते, हे ती लहानपणापासून बघत होती. पण तापलेली वस्तू उजेडाबरोबर डोळ्यांना न दिसणारे किरणही सोडते, आणि ते जर्मेनियमच्या पातळ चकत्यांवर पडले की वीज वाहू लागते, हे ती कॉलेजात शिकली. तिने मला चिनीमातीची एक कांडी बसवली. कांडीचं टोक निखाऱ्यात लालभडक व्हायचं. समोर काचेआड चकत्या आणि त्यांच्यामागे पाण्याची पेटी, कारण चकत्या तापल्या की वीज घटते. माझी वीज थोडी, एक ट्रांझिस्टर चालेल एवढीच. ती साठवण्याची सोय माझ्यात नव्हती. चूल पेटलेली असेल तोवरच मी जागा.

आकाराम हे कुतुबुद्दीन यांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांचं शेत अगदी नदीकाठी, मळीत होतं. पूर येणार असला की रेडिओवर सांगत, पण पावसाळ्यात रेडिओचे सेल ओल धरून पाझरत आणि गावात नवे मिळत नसत. म्हणून मेहमुदाने मार्गशीर्षात मला त्यांच्या चुलीत बसवलं. त्या दिवसापासून घरात सेल आणणं बंद झालं.

मला सगळ्यांत जास्त जपलं ते आकारामांच्या धाकट्या भावाने, गुंडूने. पाण्याची पेटी तो स्वतः भरायचा. बातम्यांच्या वेळी आकारामांची बायको चिमणाबाई दोन लाकडं जादा सारायच्या. गल्लीतली माणसं दारात येऊन बसायची. म्हातारे सयाजी म्हणायचे, "आकारामाच्या चुलीत भाकरीबरोबर गाणी बी भाजत्यात की."

आषाढात पाणी चढलं. ते चढणार हे रेडिओने आधीच सांगितलं होतं, म्हणून गल्लीतली सगळी जनावरं वेळेत वर आली. तेव्हा गुंडूने माझ्या झाकणावरून हात फिरवला होता. तो स्पर्श मला अजून आठवतो.

मग श्रावण आला. एका संध्याकाळी चिमणाबाईंनी उद्याचाही स्वयंपाक करून ठेवला. विस्तव विझवला, चूल सारवली, मला चिंचेने घासून लख्ख केलं. सकाळी चुलीला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा दोन बोटं मलाही लावली. ती शितळासातमी होती. त्या दिवशी चूल पेटवायची नसते, शिळं खायचं असतं. उपासाच्या दिवशीसुद्धा चहापुरती चूल पेटायची, त्यामुळे असा दिवस मी कधी पाहिला नव्हता.

बाहेर पाऊस लागून राहिला होता. दुपारी गुंडू रेडिओजवळ आला.

"वैनी, तुझ्या देवीनं रेडिओला बी उपास धरायला लावला व्हय?"

"एक दिवस गप बसला तर काय बिघडतंय, भावजी? मी बी आज चुलीपासनं सुटलिया."

"बरं, ऱ्हाऊ दे. मी मळीतनं म्हसरं घिऊन येतो."

"दहीभात खाऊन जावा की."

"आल्यावर खातो."

त्याच वेळी रेडिओवर नदीकाठ सोडायला सांगत होते. हे नंतर कळलं, वरच्या गावच्या माणसाकडून. माझी कांडी गार होती. माझ्या शेजारी तो रेडिओ मुका बसला होता.

म्हशी पोहत आल्या. गुंडू आला नाही. पाणी ओसरल्यावर तो बाभळीच्या बुंध्याशी सापडला.

मेहमुदा कोल्हापूरहून आली. तिने मला उघडून पाहिलं. माझ्यात काहीच बिघडलं नव्हतं.

"काकी, त्या दिवशी विस्तव नव्हता का?"

"सातमीला कुठला इस्तू, पोरी? घरोघरी चुली गार असत्यात."

मेहमुदाने माझं झाकण पुन्हा लावलं. निखारा किती तापतो, चकत्या किती तापतात, हे तिने पुन्हा पुन्हा मोजलं होतं. चूल पेटतच नाही असा दिवस असतो, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि या घरात ते सगळ्यांना इतकं ठाऊक होतं की तिला सांगावं, असं कुणालाच वाटलं नाही.

"मी याला साठवणीची बॅटरी जोडून देते," ती शेवटी म्हणाली.

"आता कुणासाठी?" आकाराम म्हणाले. "ऐकणारा गेला."

त्यांनी मला चुलीतून काढून फळीवर ठेवलं. मेहमुदाने पुन्हा असं यंत्र केलं नाही.

मित्रांनो, तुम्ही शिकाल, यंत्रं कराल. कुणाच्या घरात यंत्र ठेवण्याआधी त्या घरात बसा. त्यांचे सण विचारा, उपास विचारा, त्यांची चूल कधी विझते तेही विचारा. आणि तुमच्या घरी कुणी यंत्र घेऊन आलं, तर न विचारताही सांगा. मला तेव्हा वाचा असती तर मी सांगितलं असतं.

चिमणाबाई आता शितळासातमीला पहाटेच चूल पेटवतात. शेजारणी नावं ठेवतात, म्हणतात बाई बाटली. त्या उत्तर देत नाहीत. चुलीवर काहीही ठेवत नाहीत. नुसता जाळ करतात, आणि तो विझू नये म्हणून दिवसभर तिथून उठत नाहीत.