लाडवांवरचा कर

रोज सकाळी पूजा होऊन नैवेद्य दाखवेपर्यंत माझं मौन असतं. हे व्रत आमच्या ह्यांना फार प्रिय. डॉक्टरांनी त्यांची साखर बंद केल्यापासून तर जास्तच.

त्या दिवशी मी रव्याचे लाडू वळले होते. देवाची वाटी भरून ठेवली, क्रांतीच्या ताटलीत एक लाडू आणि कुरमुऱ्यांचं भडंग दिलं, उरलेले डब्यात घातले. क्रांती म्हणजे आमची भाची, शेजारी करांचं पुस्तक घेऊन रडकुंडीला आलेली. राजारामपुरीत आमच्याकडं राहून ती नोकरी शोधत होती. अकरा वाजता एका करसल्लागाराकडं मुलाखत. तिथंही जमलं नाही, तर तिचे वडील, पिराजी दाजी, दुपारी येऊन तिला गारगोटीला परत नेणार, हे ठरलेलं.

"मामा, प्रत्यक्ष कुठला आणि अप्रत्यक्ष कुठला, तोंडाशी आलं की गोंधळतंय बघा!"

"पुस्तक मिट. मी सरकार." ह्यांनी तिच्या ताटलीतला लाडू मोडून अर्धा तोंडात टाकला. "हा प्राप्तिकर. तुझी कमाई, तूच भरायचा, मधी कोण न्हाय. प्रत्यक्ष."

मी डोळे वटारले.

"मामी कायतरी म्हणत्यात," क्रांती म्हणाली.

"गप्प हाय म्हंजे मंजुरी. आता मी दुकानदार. एका लाडवाला मूठभर भडंग, वर चिमूटभर सरकारचं. चिमूट दिलीस मला, पोचती केली मी. हा जीएसटी. अप्रत्यक्ष."

"आणि सरकार कोण?"

"मीच की!" चिमूट गेली. मागोमाग डब्यातला एक लाडूही गेला. "दुकानदारालाबी प्राप्तिकर असतोय."

मी ताम्हनात पळी आपटली.

"बघ, घरफाळ्याची, घरावरच्या कराची आठवण करून देत्यात. डबा जिच्या फडताळात, तिनं भरायचा."

त्यांचा हात पुन्हा डब्याकडं वळला, तसा मी डबाच उचलला, देवापुढं ठेवला आणि वर तुळशीचं पान टाकलं. देव समजून घेईल.

"करमाफ!" क्रांती टाळी वाजवून म्हणाली.

"करचुकवेगिरी हाय ही!"

"न्हाय मामा. डबा पिठाच्या पिंपात लपवला असता, तर चुकवेगिरी. मामीनं राजरोस, नेमात बसवून वाचवलाय. हे करनियोजन." बोलून गेल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. पुस्तक मिटलेलंच होतं.

"असू दे," हे म्हणाले. "नैवेद्य झाला की प्रसाद. प्रसादाला न्हाय म्हणता येतंय व्हय?"

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी नैवेद्यासाठी उचललेली घंटा खाली ठेवली आणि जपमाळ घेतली.

क्रांती गेली. दाजी आले, ह्यांच्याशेजारी बसले. माझी माळ चालूच. हे आपले देवघराच्या दारात, भक्तीनं नव्हे.

दीड वाजता क्रांती धावतच आत आली. "बाबा, एकटंच जावा परत! चुकवेगिरी आणि नियोजनातला फरकच विचारला. मी डब्याचं सांगितलं. साहेब हसतच सुटले, आणि सोमवारपासनं ये म्हणाले!"

मी घंटा वाजवली, नैवेद्य दाखवला, मौन सोडलं. सगळ्यांना प्रसाद दिला. ह्यांच्या तळहातावर कणभर.

"एवढाच?"

"अहो, सकाळी आगाऊ कर घेतलात की. तेवढा वजा." डबा मी दाजींच्या पिशवीत घातला.

"मग परतावा तरी?"

"आहे ना," म्हटलं, आणि कारल्याच्या रसाचा पेला पुढं केला.