लोखंडी अंगठा

थोरल्याला जुळं झालं त्या वर्षाची ही गोष्ट. त्याच्या लग्नाला इतकी वर्षं उलटली होती की विचारणाऱ्यांनीही विचारणं सोडून दिलं होतं, आणि मग एकदम दोन. एक मुलगा, एक मुलगी. घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, एवढी माणसं बघायला आली. पण त्याच वर्षी वहिनीचा डावा हात सडायला लागला, आणि त्या हातापायी धाकट्याने मुंड्या छाटायचं यंत्र करायला घेतलं.

धाकटा वेल्डर होता. पण त्याला वेल्डर कुणी म्हणत नसे, सगळे अत्तर म्हणत. हे नाव थोरल्यानेच ठेवलेलं. लहानपणापासून पोराचं नाक भारी तिखट. घरात सगळे शेतातून आले की हा नाकाला सदरा लावून कोपऱ्यात बसायचा. "आले बघा अत्तराचे व्यापारी," असं थोरला म्हणायचा, ते जन्माचं चिकटलं.

नाक तिखट असायला कारणही तसंच होतं. शेतात बीट. भाजीचं लाल नव्हे. साखरेच्या कारखान्यात जातं ते पांढरं, जाडजूड, चिखलात मांडी ठोकून बसणारं. थंडी पडली की ते उपटायचं, डाव्या हातात धरायचं, उजव्या हातातल्या कोयत्याने पाल्यासकट मुंडी उडवायची आणि ढिगावर फेकायचं. मुंडी राहिली तर कारखाना गाडी परत पाठवतो. जास्त छाटली तर आपलंच वजन घटतं. सगळा हंगाम हेच. खालची पानं तोवर कुजलेली असतात. त्यांना शेंबडासारखा चिकट ओघळ सुटतो, त्यात गोगलगायी लडबडलेल्या. वास म्हणाल तर तुंबलेल्या मोरीत कुणी साखरेचा पाक ओतावा तसा. गोड आणि घाण. नुसती घाण माणूस सोसतो, पण त्यात गोडवा मिसळला की पोट ढवळून येतं.

आई गेली तेव्हा अत्तर पाटी घेऊन शाळेत जायच्या वयाचा होता. त्याला वाढवलं ते वहिनीने. ती शेतातून आली की हात राखेने घासायची, लिंबाने घासायची, तरी हा तिच्या हातचा घास घेईना. तोंड फिरवायचा. मग तिने एक चमचा आणला आणि चमच्याने भरवायला लागली. "आमच्या साहेबांना हात चालत नाही," असं हसत म्हणायची. मोठा झाला तसा तो तालुक्याला जाऊन वेल्डिंग शिकला, का तर लोखंड जळताना जो वास येतो तो निदान गोड नसतो.

तर तो हात. डाव्या हाताच्या अंगठ्याखाली जो मांसल भाग असतो तिथे आधी चीर पडली. चिरेत चिखल आणि पाल्याचा ओघळ गेला. मग तिथून पाणी यायला लागलं, मग पू. एक हंगाम सरला, उन्हाळ्यात जरा सुकलं, पुन्हा फुटलं. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली आणि त्यांनीही मान जरा बाजूला वळवली.

"या हाताने लेकरांना शिवायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि येत्या हंगामात हा हात चिखलात गेला, तर मग तो कापायलाच माझ्याकडे आणा."

लेकरं दोन आणि धड हात एक. वहिनी एकाला उचलायची तेव्हा दुसरं रडत पडायचं.

थोरला अंगणात बूट काढत होता. सगळं ऐकून म्हणाला, "आणि मुंड्या कोण छाटणार? तुमची डॉक्टरीण येणार का कोयता घेऊन?"

"माणसं लाव," अत्तर म्हणाला.

"लावली की. गेल्या साली चौघं आली. दुपारी भाकर खायला गेली ती अजून खातायत."

अत्तरला त्या क्षणी भावाची शिसारी आली. त्या बुटांची, बुटांवरच्या चिखलाची, आणि बायकोचा हात गळतोय तरी बुटांची नाडी शांतपणे सोडणाऱ्या त्या बोटांची. तो म्हणाला, "यंत्र करतो मी. ते चाललं तर वहिनी शेतात उतरणार नाही. बोल."

"तू? बिटाचं यंत्र?" थोरला हसला. "अरे, वासाने उलटी होऊन मरशील. बरं, कर. पहिलं दव गोठेपर्यंत मुदत. त्यानंतर बीट थांबत नाही."

अत्तर ज्या शेडमध्ये काम करायचा तिथे एक टर्नर त्याचा जोडीदार होता. लेथवर बसायचा, तोंडात सदा काडी. थोरल्याने बांधावरचं कीड लागलेलं बीट पोत्यांत भरून शेडमध्ये आणून टाकलं, आणि आठवड्याभरात ती पोती खालून काळी पडून गळायला लागली.

"अत्तरशेठ," टर्नर काडी फिरवत म्हणाला, "तुमचा माल उघडला वाटतं. गिऱ्हाईक लांबूनच परत जातंय."

अत्तर रबरी हातमोजे घालायचा, तोंडाला फडकं बांधायचा आणि बीट उचलायचं तर चिमट्याने उचलायचा, जसं काही मेलेला उंदीर उचलतोय. तशा थाटात त्याने यंत्र उभं केलं. दोन चाकांची चौकट, ट्रॅक्टरच्या मागे जोडायची. तिच्या पोटाखाली नांगराच्या जुन्या तव्याला धार लावून केलेली फिरती थाळी. थाळी गरागरा फिरते आणि वाटेत येईल ती मुंडी उडवते. थाळी किती उंचीवर ठेवायची ते एका बोल्टने ठरायचं.

तपासायला त्याने लाकडी खोक्यात ओली माती भरली आणि तीत बीट रोवायचं ठरवलं. रोवणार कोण? त्याला तर हात लावायचा नव्हता. टर्नर म्हणाला, "मी लेथवाला आहे, माळी नाही." तेव्हा वहिनीच आली. लेकरांना शेजारणीकडे ठेवून आली, डावा हात ओढणीच्या झोळीत, आणि उजव्या हाताने एकेक बीट मातीत रोवून थोपटत बसली. तिचं काम सुंदर. एकही मुंडी वर नाही, एकही खाली नाही, शाळेतल्या पोरांच्या रांगेसारखी सगळी बिटं एका उंचीत.

यंत्र चालवलं. सगळ्या मुंड्या साफ. पुन्हा बिटं रोवली, पुन्हा साफ. टर्नरने काडी तोंडातून काढली. "झालं की रे!"

अत्तरला इतका आनंद झाला की फडकं खाली ओढून त्याने भर वासात मोठा श्वास घेतला आणि लगेच बाहेर जाऊन ओकला.

शेतात यंत्र नेलं त्या दिवशी बांधावर बघ्यांची गर्दी. थोरला स्वतः ट्रॅक्टरवर. दहा पावलं गेलं नसेल, तोवर सगळं कळलं. शेतातलं बीट काही वहिनीने रोवलेलं नव्हतं. कुणी मातीबाहेर वीतभर मान काढून बसलेलं, कुणी नाकापर्यंत बुडालेलं. थाळीने उंच बिटांचे मधोमध दोन तुकडे केले आणि बुटक्यांच्या डोक्यावरून नुसता वारा घातला. वर कुजका पाला थाळीत सापडला, त्याचा लगदा झाला आणि तो हिरवा-काळा लगदा फवाऱ्यासारखा चहूकडे उडाला. बांधावरच्यांची तोंडं भरली. थोरला "अरे, हे काय" म्हणायला मागे वळला आणि त्याच्या उघड्या तोंडात एक गोगलगाय गेली.

हसून हसून लोक बांधावर लोळले. थोरला थुंकत खाली उतरला, तोंड पुसलं, पुन्हा थुंकला. "झालं तुझं यंत्र? आता ते भंगारात घाल आणि मला वाट दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी अत्तर शेतावरून जात होता. रात्रीचं दव गोठून पांढरं पडलं होतं. वहिनी सरीत वाकलेली दिसली. डाव्या हाताला पट्टीवरून प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, उजव्यात कोयता. पिशवी केव्हाच फाटली होती आणि तिच्यातून तोच ओघळ ठिबकत होता.

"वहिनी, हे काय?"

"मग काय करू? तोंड बघत बसू?" ती वर न बघता म्हणाली. "तू जा. तुला वास येईल."

हे तिने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. खरंच त्याची काळजी म्हणून म्हटलं. म्हणूनच ते त्याला जास्त लागलं. स्वतःचीच किळस आली त्याला, बिटाची कधी आली नसेल तेवढी.

संध्याकाळी तो घरी गेला. थोरला पट्टी बदलायला तयार नव्हता. "मला नाही बघवत," म्हणत तो ताट उचलून दुसऱ्या खोलीत गेला होता. अत्तर पाटावर बसला. मोजे नव्हते. त्याने पट्टी सोडली. शेवटचा थर मांसाला चिकटलेला होता, तो पाण्याने भिजवून सोडवावा लागला. वास आला. बिटाचा आणि माणसाचा एकत्र. त्याच्या घशाशी आलं. त्याने गिळलं आणि हात धरून ठेवला.

"दुसरीकडे बघ," वहिनी म्हणाली.

पण तो बघत राहिला, कारण त्याला एक गोष्ट खटकली होती. उजवा हात, जो दिवसभर कोयता चालवतो, तो शाबूत होता. घट्टे पडलेले, बस. सडला होता तो डावा, आणि डाव्यातही फक्त अंगठा आणि त्याखालचा मांसल भाग.

"तू बीट कसं धरतेस?"

"कसं म्हणजे? धरते."

"धरून दाखव."

तिने ताटाजवळची वाटी उचलून डाव्या हातात पालथी धरली आणि अंगठा नकळत तिच्या कडेवरून वर सरकला, बुडापर्यंत गेला, तिथे थांबला.

"अंगठा तिथे का थांबला?"

"मला काय माहीत? थांबला. बाबा रे, पट्टी बांध आधी, गार लागतंय."

त्याने पट्टी बांधली. मुंडी कुठे संपते ते अंगठा शोधायचा. दिवसभर पाल्याच्या चिखलात घुसून शोधायचा. कोयता नुसता अंगठ्याच्या मागून यायचा. आणि त्याने मात्र सगळी अक्कल थाळीच्या धारेवर खर्च केली होती.

शेडमध्ये त्याने ट्रकच्या स्प्रिंगच्या कमानीतली एक पट्टी तापवून वाकवली. थाळीच्या पुढे ती बिटाच्या डोक्यावरून घसटत जाईल अशी लोंबती बसवली. पट्टी उचलली गेली की एका दांड्याने मागची थाळीही तेवढीच उचलली जाणार. पट्टी खाली गेली की थाळी खाली. टर्नर म्हणाला, "हा अंगठा म्हणायचा तर." तेच नाव राहिलं.

या वेळी खोक्यात बीट अत्तरनेच रोवलं. वर, खाली, वाकडं, जसं देव रोवतो तसं. आणि लोखंडी अंगठा घसरला. पाल्याच्या बुळबुळीवरून सुळकन गेला, मुंडीचा पत्ताच लागला नाही. पुन्हा वाकवला, पुन्हा घसरला. अंगठा नेमका कुठे अडतो हे कळल्याशिवाय पुढे जाता येईना.

"मोजे काढ," टर्नर म्हणाला.

"गप रे."

"मग माझे घाल. दोन मोज्यांतून जास्त कळेल."

अत्तरने मोजे काढले. डोळे मिटले आणि उघडा हात कुजक्या पाल्यात खुपसला. थंडगार. बोटांमधून काहीतरी हललं. तो ओरडला, हात काढला, भिंतीशी जाऊन ओकला, तोंड पुसून परत आला आणि पुन्हा खुपसला. या वेळी काढला नाही. पाला हलत होता, सरकत होता, आणि त्याच्या मुळाशी एक कडा होती, टणक, खडबडीत, जुन्या पानांच्या वणांची. बोट घसरत होतं, पण त्या वणांत नख अडकत होतं.

"नख," तो म्हणाला. "याला नख पाहिजे."

त्याने पट्टीच्या टोकाला ग्राइंडरने दाते पाडले.

थोरला दुसऱ्यांदा ट्रॅक्टरवर बसायला तयार नव्हता. "माझं तोंड अजून धुऊन झालं नाही," म्हणाला. शेवटी तोंडाला अत्तरचंच फडकं बांधून बसला. लोखंडी अंगठा डुलत डुलत बिटांच्या डोक्यांवरून गेला, उंचावर चढला, बुटक्यावर उतरला, आणि थाळी त्याच्या मागून. सगळं काही सरळ छाटलं गेलं नाही. काही बिटांवर पाल्याची झिपरी राहिली, काहींचा गालही गेला. लगदा तसाच उडाला, वास तसाच होता. सरीच्या टोकाला थोरल्याने ट्रॅक्टर थांबवला, उतरला, चार बिटं पायाने उलटी करून बघितली.

"झिपऱ्या राहतायत."

"राहू देत. त्या तू काढ. तुला दोन हात आहेत."

थोरल्याने भावाकडे पाहिलं. फडक्याच्या आत तो काही पुटपुटला, पण ऐकू आलं नाही. वहिनी बांधावर उभी होती. तिने कोयता चिखलात रोवला, हात पुसले आणि घरी गेली. लेकरं रडत होती. कोयता तिथेच राहिला, गंजला, पुढे कुणी उचलला नाही.

त्या दिवशी जेवताना अत्तरच्या हाताला वास येत होता. साबण झाला, राख झाली, लिंबू झालं. गेला नाही. वहिनीने त्याच्या ताटाजवळ चमचा ठेवला आणि गालात हसली. "साहेबांना हात चालत नाही." त्याने चमचा बाजूला सारला आणि हातानेच जेवला. पहिला घास गळ्याखाली उतरायला वेळ लागला.

हात बरा व्हायला पुढचा उन्हाळा गेला. अंगठा जरा आखडलेला राहिला, पण पोरं त्याच हाताला धरून चालायला शिकली. बिटाचं मात्र तिने कधी नाव काढलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायची, "जेवताय ना? मग गप जेवा."

थोरला आधी गेला, जुळ्यांच्या शाळेच्या शेवटच्या वर्षी, छातीत कळ येऊन. वहिनी गेली ती मुलीच्या लग्नानंतरच्या थंडीत, पहिलं दव गोठलं त्या सकाळी, तापाने. तेव्हा तिचे दोन्ही हात जागेवर होते.