साहेबांची गाडी, बाईंचं इंजिन

साहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झाले तेव्हा बाजारातल्या दुकानदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि त्यांच्या बायकोने, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी, धास्तीचा. जन्मभर दुसऱ्यांच्या तराजूत खोट काढणारा हा माणूस आता दिवसभर घरी बसून काय काढणार?

पंधरा दिवसांत उत्तर टेम्पोत बसून दारात आलं. साहेबांच्या वारलेल्या काकांची काळी मोटार. चाकं नाहीत, काचा नाहीत, मागच्या सीटवर कोंबडीने संसार थाटलेला.

"रत्न आहे, रत्न!" साहेब म्हणाले. रत्न उतरवायला सहा माणसं लागली.

मिस्त्रीने गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. "सांगाडा ठणठणीत आहे. आत मात्र राम नाही. याच कंपनीची चालती गाडी बघा, तिचे अवयव हिला लावू. दाता गाडी लागेल, साहेब."

दोघांची नजर एकदमच फाटकाकडे गेली. तिथे डॉक्टरीणबाईंची गाडी उभी होती. कंपनी तीच, वयाने धाकटी, आणि वीस वर्षं कुरकुर न करता रोज दवाखान्यात जाणारी.

"फक्त हॉर्न," साहेब बायकोला म्हणाले. "आठ दिवसांपुरता."

बाईंनी हॉर्न दिला आणि तिथेच फसल्या. हॉर्नमागून आरसे गेले, आरशांमागून दारांच्या मुठी. एका रविवारी त्या बहिणीकडे जाऊन आल्या, तर ड्रायव्हरच्या सीटच्या जागी प्लास्टिकचं स्टूल.

"पाठ ताठ राहते," साहेबांनी समजावलं.

"अहो, माझ्या दवाखान्यात दात उपटण्याआधी निदान पेशंटला विचारतात तरी!"

"हा वारसा आहे. तुला नाही कळायचं."

गिअरबॉक्स गेला तशा बाई बसने जाऊ लागल्या. इंजिन निघालं त्या दिवशी मिस्त्रीनेसुद्धा चहा मान खाली घालून घेतला. विटांवर टेकवलेल्या आपल्या गाडीला वळसा घालून बाई बस गाठायला निघाल्या. लोकांची तोंडं उघडता उघडता स्वतःचं मिटून ठेवायची सवयच झाली होती.

काळी मोटार झळकू लागली आणि तिच्याबरोबर कायदेकानू आले. आत चपला नकोत. पाण्याची बाटली नको. दार आपटायचं नाही, खरं तर उघडायचंच नाही.

"मला दवाखान्यापर्यंत सोडता का?" बाईंनी एकदा विचारलं.

"ही काय वापरायची गाडी आहे?" साहेब दुखावले.

मग जुन्या गाड्यांच्या मंडळाचं प्रदर्शन आलं. साहेब टाय लावून मोटारीशेजारी उभे, मागे बाई आणि मिस्त्री. परीक्षक म्हणजे ऐंशीच्या घरातले एक इंजिनिअर. ते सतरंजी अंथरून थेट गाडीखालीच शिरले. बाहेर आले ते हातात नंबर टिपलेला कागद घेऊन.

"मूळचं किती?"

"शंभर टक्के," साहेब म्हणाले.

"मग या इंजिनाचा नंबर तुमच्या कागदांत का नाही? कुणाचं आहे हे?"

साहेबांनी टायची गाठ सैल केली. खोटं बोलायची सवय नसलेला मिस्त्री मागून म्हणाला, "बाईंचं."

"गिअरबॉक्स?"

"बाईंचाच. सीट, आरसे, हॉर्नसुद्धा."

"आणि यांचं काय?"

मिस्त्रीने मनापासून आठवून पाहिलं. "रंग साहेबांनी निवडला. म्हणजे, आधीही काळाच होता."

मापातलं पाप शोधण्यात हयात घालवलेले साहेब भर मैदानात मापात सापडले. परीक्षक मात्र खूश होते. इतकं गोड चालणारं इंजिन त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. उत्तम इंजिनाचा कप त्यांनी बाईंच्या नावाने दिला. बाईंनी कप मिस्त्रीकडे धरायला दिला आणि नवऱ्यापुढे हात पसरला.

"किल्ली."

"अगं, पण ऊन, धूळ, पक्षी..."

"किल्ली, अहो."

सोमवारपासून काळी मोटार दवाखान्याच्या दारात, झाडाखाली उभी राहू लागली. साहेब मागून बसने येतात, तिच्यावर चादर घालतात आणि बायकोचा शेवटचा पेशंट जाईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहतात. त्यांचा पडलेला चेहरा पाहून नवे पेशंट त्यांच्या पाठीवरून हात फिरवतात.

"घाबरू नका हो," ते म्हणतात, "बाईंचा हात फार हलका आहे. कधी काढलं, कळतसुद्धा नाही."