चालू, चालू!

लोकांना आपलं काम खरंच येतं की नाही हे कसं तपासावं, यावर संशोधन करून मी पोट भरते. ऐकायला भारदस्त वाटतं. प्रत्यक्षात नारायणगुड्यातल्या एका छोट्या कंपनीत बसून प्रशिक्षण केंद्रांचे निकाल चाळायचे, परीक्षकांशी बोलायचं आणि अहवाल लिहायचे, एवढंच ते काम. कंपनी प्रशांतची. तोही माझ्यासारखाच इथं जन्मलेला मराठी, फक्त माझ्याहून फार घाईचा.

त्या दिवशी त्यानं एका अहवालाचा मसुदा माझ्या टेबलावर टाकला. सिकंदराबादच्या एका केंद्रात रुग्ण सहाय्यकांचा अभ्यासक्रम चालतो. तिथं मराठवाड्यातून आलेल्या बऱ्याच मुली प्रात्यक्षिकात नेमक्या एकाच मुद्द्यावर नापास होत होत्या. मुद्दा असा, की रुग्णानं सांगताच थांबता आलं पाहिजे. प्रशांत कारणही लिहून मोकळा झाला होता: या मुलींची आकलनशक्ती कमी आहे.

माझं डोकंच फिरलं.

"माझे आजी-आजोबा नांदेडकडूनच आले रे. मग माझीही आकलनशक्ती कमीच असेल!"

"गरम कायकू होताय, स्वप्नाताई?" प्रशांत म्हणाला. "आकडे तसेच आहेत ना. पटत नसेल तर जाऊन बघून या की."

"जाते. पण आधीच सांगून ठेवते, त्या नापास मुलींत माझी भाची आहे."

"हौ, मग हे परीक्षकाला पण सांगा. झाकून ठेवू नका म्हणजे झालं."

भाची म्हणजे दीक्षा, कळमनुरीच्या माझ्या चुलतभावाची मुलगी. काचीगुड्याला आमच्याकडे राहून ती हा अभ्यासक्रम करत होती. एका दवाखान्यानं तिला वॉर्डात घ्यायचं कबूल केलं होतं, पण प्रमाणपत्र आणलं तरच. आता फेरपरीक्षेची एकच संधी उरली होती. तीही हुकली तर मुकाट्यानं घरी यायचं, मग स्थळं बघायला लागतो, असं तिच्या वडिलांनी फोनवर बजावलं होतं. दीक्षा त्यावर नुसतं "बरं" म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मला तिची फार काळजी वाटत होती. वॉर्डातल्या नोकरीबद्दल ती बोलायला लागली की तिचा चेहरा असा उजळायचा, की परत जायची कल्पनाच मला सहन होत नव्हती.

संध्याकाळी तिनं येसराची आमटी केली. तशी आमटी माझ्या हातून या जन्मात होणार नाही. पण वजनाची धास्ती, म्हणून दुसऱ्या पळीला मी "पुरे" म्हणाले आणि दीक्षा लगेच थांबली. मी रिकाम्या होत चाललेल्या वाटीकडे बघत बसले.

"नेमकं झालं काय गं त्या परीक्षेत?" मी विचारलं.

"काय नाही, आत्या. सर स्वतःच पेशंट होऊन पलंगावर झोपले. मी पायथ्याशी बसून हँडल फिरवायले. डोक्याकडची बाजू वर यायली. सर म्हणले, चालू. म्हणून मी चालू ठेवलं. ते परत म्हणले, चालू, चालू! मग मी जोरात फिरवलं."

"मग?"

"मग सर पार उठून बसले. चष्मा पडला त्यांचा. मीच उचलून दिला." तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. "आणि मला नापास केलं."

स्वतःच चालू ठेव म्हणायचं आणि वर पोरीला नापास करायचं! दुसऱ्या दिवशी मी सिकंदराबाद गाठलं ते पदर खोचूनच.

परीक्षक यादगिरी सर मात्र भांडायला अगदीच कुचकामी निघाले. गोल चेहऱ्याचा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस. दीक्षा माझी भाची आहे हे मी आल्या आल्या सांगितलं आणि ठरवून आणलेला प्रश्न विचारला: तुम्हीच चालू म्हणालात ना?

"मैं बोलाच ना, मॅडम," ते कळवळून म्हणाले. "कित्ते बार बोला! वो बच्ची सुनीच नै. सच्ची का पेशंट होता तो क्या होता?" मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "चलो, पहले खाना खा लेंगे."

केंद्राच्या कँटीनमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. माझा राग अजून उतरला नव्हता. वाढणाऱ्या बाईनं त्यांच्या भातावर सांबार ओतायला सुरुवात केली. यादगिरी सरांनी हात आडवा धरला. "चालु, चालु, अम्मा."

बाई थांबली.

माझा घास हातातच राहिला. तेलुगूत चालु म्हणजे पुरे! हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. सुलतान बाजारात भाजीवालीला मी हेच म्हणते, आणि घरी येऊन पंखा चालू कर असंही म्हणते. दोन्ही शब्द इतकी वर्षं माझ्या डोक्यात राहिले आणि त्यांची एकदाही गाठ पडली नव्हती. तेलुगूतला तो च सुद्धा आपल्या 'चाक' शब्दातलाच, त्यामुळे कानाला फरक कळणं अवघडच. हा बिचारा पलंगावरून पुरे, पुरे म्हणून ओरडत होता आणि आमची पोरगी आज्ञाधारकपणे त्याची घडी घालत होती.

मी त्यांना हे सांगितलं. ते असे हसले, की ठसका लागून पाणी प्यावं लागलं.

"इसीच वास्ते सब बच्चियां मेरेकू उठाके बिठाए क्या!" ते म्हणाले. मग एकदम गंभीर झाले. "बाकी बच्चियों का भी देखना पड़ता, मॅडम."

त्या वाक्यासाठी मी त्यांना सगळं माफ केलं.

प्रशांतनं आपलं ते वाक्य निमूटपणे खोडलं. त्या जागी आम्ही लिहिलं, की थांबायचा शब्द परीक्षेआधीच सगळ्यांसमोर ठरवावा. केंद्रानं 'बस' हा शब्द ठरवला. मी घरी येऊन मोठ्या तोऱ्यात दीक्षाला हे सगळं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि "अस्सं होय," एवढंच म्हणाली. मला वाटलं होतं, ती आनंदानं उडी मारेल.

फेरपरीक्षेच्या दिवशी मी दाराच्या काचेतून बघत उभी होते. यादगिरी सर आडवे झाले. दीक्षा पायथ्याशी बसली, पण या वेळी जरा तिरकी, मान वर करून. हँडल फिरू लागलं. सरांचं डोकं वर आलं, आणखी वर आलं, आणि ठरलेला शब्द विसरून ते सवयीनं ओरडले, "चालु!"

मी डोळेच मिटून घेतले.

उघडले तेव्हा पलंग जागच्या जागी होता. दीक्षा उशाशी उभी राहून सरांच्या मानेखालची उशी नीट करत होती आणि सर मान डोलावत होते. पोरगी पास झाली होती.

ती बाहेर आल्या आल्या मी तिला मिठी मारली. "चालु ऐकून थांबलीस कशी गं? ठरलं तर 'बस' होतं ना?"

"शब्दाचं काय घेऊन बसलात, आत्या?" ती म्हणाली. "त्यांच्या कपाळाला आठी पडली, तवाच मी थांबले. चालु तर ते नंतर म्हणले. मागच्या टायमाला मी नुसतं हँडलकडंच बघायले होते. चष्मा पडला तवा पहिल्यांदा त्यांचं तोंड दिसलं मला."

मी इतके दिवस तिची बाजू घेऊन जगाशी भांडत होते आणि तिनं आपली चूक त्या चष्म्याबरोबरच उचलून ठेवली होती. मला तिचा इतका अभिमान वाटला, की तिथंच प्रशांतला फोन लावला आणि अहवालात आणखी एक ओळ घालायला सांगितली: आधी रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघता येतं का, ते तपासा.

"अब ये कहाँ से आया?" त्यानं विचारलं.

"आमच्या आकलनशक्तीतून," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

संध्याकाळी पुन्हा येसराची आमटी होती. वडिलांना फोन करून झाल्यामुळे दीक्षा खुशीत होती. तिनं मला एक पळी वाढली, दुसरी वाढली.

"पुरे," मी म्हणाले.

तिनं पळी तशीच धरून माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि तिसरी वाढली.