निळं पिंप

सासूबाईंच्या स्वयंपाकघरात मटण शिजत नसे, म्हणून धुरावर मटण भाजायचं पिंप परसात असे. ते गंजून फुटलं, आणि रविवारी तर धनंजयच्या पलटणीतली माणसं जेवायला यायची होती. नवं पिंप बघायला तो लतिकाला घेऊन तेलीबागेतल्या भंगारवाल्याकडे आला.

दोनच पिंपं होती: एक काळं तेलकट, एक चकचकीत निळं. धनंजयला निळं पसंत पडलं. लतिकाने आत डोकं घातलं. नुसता साबणाचा वास आला.

"भैया, इसमें क्या था?"

"सरसों का तेल, भाभीजी. कसम से."

"अगं, धुतलंय त्याने. पुरे कर आता," धनंजय वैतागला.

लतिकाचं डोकंच फिरलं. मोहरीच्या तेलाचा वास कधी साबणाने गेलाय? आत भडका उडवणारं काही भरलेलं असलं तर? तिने नवऱ्याच्या खिशातली काडेपेटी काढून भंगारवाल्यापुढे धरली.

"तो आप ही तीली जलाकर अंदर डालिए."

त्याने हसत काडी काढली, पेटीला टेकवली. मग त्याचं हसू मावळलं. धनंजय लतिकाला मागे ओढू लागला, पण ती जागची हलेना. भंगारवाल्याच्याने काडी काही ओढवेना.

"भाभीजी," तो मान खाली घालून म्हणाला, "वो काला वाला ले जाइए."