कोरडी चादर

रुग्णालयाच्या लाँड्रीत तो सोळा वर्षं चादरी धूत होता. रक्त असो, औषध असो, त्याच्या हाताखालून गेलेली चादर कोरी करकरीत होऊन बाहेर पडायची. नवीन माणसांना तो एकच गोष्ट बजावायचा, "आधी गार पाणी. गरम घातलंत की डाग जन्मभर बसला." एवढं भान संसारात ठेवलं असतं तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती, पण ते आता बोलून काय उपयोग!

संसार मोडून दीड वर्ष झालं होतं. आठ वर्षांची मुलगी आईकडे राहायची आणि शनिवारी एका रात्रीपुरती त्याच्याकडे यायची. तिला तो मुंगी म्हणायचा, कारण रांगायला लागल्यापासून ती घरातल्या वस्तू ओढून इकडच्या तिकडे करायची. उरलेले दिवस घर त्याला खायला उठायचं. टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईशी तो मोठमोठ्याने वाद घालायचा आणि ती उलट बोलत नाही म्हणून आणखी चिडायचा. शेवटी त्याने अर्ज केला: मुलगी एक आठवडा आईकडे, एक आठवडा माझ्याकडे.

आता अडचण अशी होती की त्याच्या घरी मुंगीची चादर दर रविवारी सकाळी ओली असायची. आईकडे असं कधीच होत नव्हतं. पहिल्यांदा ती कोपऱ्यात तोंड लपवून उभी राहिली, तेव्हा हा म्हणाला, "अगं, तुझा बाप यातला मास्टर आहे! हे आपलं गुपित. कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही." मग एक टोक तिने धरलं, दुसरं याने, आणि दोघांनी खिदळत चादर पिळली. किती छान निभावलं, असं त्याला वाटलं. शहाणाच!

मग एका रविवारी दात घासता घासता ती म्हणाली, "काल तू रडला नाहीस. मी कितीतरी वेळ जागी राहून बघत होते."

रात्री उशीत तोंड खुपसून तो रडायचा, ते तिने ऐकलं होतं. म्हणजे पोरगी त्याच्यावर पहारा देत होती. थकून पहाटे कधीतरी तिचा डोळा लागायचा, तो असा गाढ, की मग चादर भिजायची. त्याला स्वतःची लाज वाटली. तरीही त्याने चादर धुतली आणि तोंड मिटून ठेवलं, कारण ती एक रात्रसुद्धा गमवायची त्याची तयारी नव्हती.

कोर्टाच्या समुपदेशक बाई घर बघायला आल्या. त्यांनी गादी दाबून पाहिली, चादरीवरून हात फिरवला आणि कागदावर लिहिलं, 'झोपण्याची जागा अत्यंत स्वच्छ.' सोळा वर्षांच्या नोकरीत त्याच्या कामाला मिळालेली ही पहिली लेखी शाबासकी.

निकालाच्या दिवशी मुंगी बाहेर बाकावर मावशीपाशी बसली होती. आत न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला.

"मी मुलीशी एकटीशीच बोलले. ती म्हणते, बाबांकडे मला मस्त झोप लागते, मला तिथे जास्त राहायचंय. तिचं मी ऐकते, पण निर्णयाचं ओझं तिच्यावर टाकत नाही. तिच्या भल्याचं काय, ते मला ठरवायचंय. मला आठवडा-आठवडा योग्य वाटतंय. कुणाला काही सांगायचंय?"

"रविवारी घरी आली की ती दिवसभर पेंगते," तिची आई म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं, नुसती काळजी होती. "का ते मला सांगत नाही."

त्याच्या वकिलाने त्याचा गुडघा दाबला. "गप्प बसा. मिळालंय आपल्याला."

मिळालं होतं खरंच. पंधरा दिवसांतले सात दिवस. दोन ताटं, दोन टॉवेल, दारात छोट्या चपला. आणि त्यासाठी पोरगी न्यायाधीशांसमोर खोटं बोलली होती, कारण बापानेच तिला तसं शिकवलं होतं.

तो उभा राहिला. "मॅडम, ती माझ्याकडे झोपत नाही."

मग त्याने सगळं सांगितलं, चादरीचं, गुपिताचं, स्वतःच्या रडण्याचं. वकिलाने कपाळाला हात लावला. मुलीची आई त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाच्या दहा वर्षांत त्याने तिला एवढं मोकळेपणाने काही सांगितलं नव्हतं.

न्यायाधीश बाईंनी हुकूम लिहिला. तूर्त रात्रीचा मुक्काम बंद. शनिवारी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा भेट. वडिलांनी स्वतःसाठी समुपदेशन घ्यावं, सहा महिन्यांनी फेरविचार. "तुम्ही सांगितलंत, हे मी नोंदवते आहे," त्या म्हणाल्या. त्याने मान हलवली.

बाहेर आईने मुंगीला जवळ घेऊन समजावलं. ती तडक याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू सांगितलंस? आपलं गुपित होतं ना!"

"चुकलंच माझं. तुला तसं सांगायलाच नको होतं."

"मग आता रात्री तू काय करशील?"

"झोपेन. डाराडूर."

"खोटं."

"खोटं? हे बघ." तो बाकावर मागे रेलला, डोळे मिटले आणि घोरायला लागला. जाणारे-येणारे वळून बघू लागले. मुंगी आधी हसली नाही. मग त्याने मध्येच शिट्टीसारखा आवाज काढला, तशी तिला हसू फुटलं.

"आई, बाबा खरंच झोपला!"

"हो ना. चल, त्याला उठवू नकोस," आई हळूच म्हणाली.

चपलांचा आवाज जिन्याकडे गेला. एकदा थांबला. तो आणखी जोरात घोरला. मग पायऱ्या उतरल्याचं ऐकू आलं, खालचं दार वाजलं, आणि तरीही तो डोळे मिटून घोरतच राहिला.

"अहो," शिपायाने खांद्याला हात लावला, "गेली ती."