सूर्यफुलाची शेवटची रेघ

दक्षाच्या पत्राला रतनने उत्तर दिलं नाही, ते वेळ नव्हता म्हणून नव्हे. उत्तर एका ओळीचं होतं.

चिंचणीत त्याचा दागिन्यांच्या डाय बनवायचा कारखाना. पोलादाच्या चकतीवर मशीनने लहरदार रेघांची नक्षी कोरायची, मग सोनार त्यावर सोन्याचा पत्रा दाबून पदकं काढतात. तलासरीची दक्षा त्याच्याकडेच हे काम शिकली आणि एक दिवस स्वतःचं करायचं म्हणून निघून गेली. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने तिला जुनं मशीन दिलं, पण अटीवर. सूर्यफुलाचा नमुना पास झाला तर मशीन तिच्याकडे राहणार, नाहीतर परत.

नमुना जमेना. गोल पुरा होत आला की शेवटची रेघ पहिलीवर चढायची. रतन फोन उचलेना, तेव्हा तिने पत्र टाकलं. "काका, माझं काय चुकतंय?"

वाचतावाचताच त्याला कळलं. जुन्या मशीनचे दाते झिजलेले असतात. प्रत्येक रेघेआधी हँडल थोडं मागे घेऊन मगच पुढे आणायचं, म्हणजे दात्यांतली ढील निघून जाते. एवढं एक त्याने हातचं राखून ठेवलं होतं. पत्र चष्म्याच्या घरात कोंबत तो म्हणाला, "उड आता."

मशीन गेलं. व्यापाऱ्याकडून ते रतननेच उचललं आणि कारखान्यात दारासमोरच मांडलं. पुढे दक्षाच काम मागत आली. त्याने तिला पॉलिशला बसवलं.

"काका, पत्र मिळालं होतं ना?"

"अगं, उत्तर तेव्हाच टाकलं! नाही आलं?"

"नाही. आता सांगा ना."

"आता कशाला? मशीन कुठंय तुझं?"

रतनचा कारागीर प्रितेश फिदीफिदी हसला. "असं काय शेठ, समोर तर आहे! रोज पुसत जा गं, तेवढंच दर्शन."

दक्षा मान खाली घालून पॉलिशच्या चाकाशी बसली.

ते मशीन रतन स्वतः चालवी, तेही तिच्या डोळ्यांसमोर. तिचा चेहरा पडलेला पाहून त्याला दुपारचं जेवण गोड लागे. एकदा त्याने सहज वर पाहिलं, तर तिचा हात मांडीवर हलत होता. थोडा मागे. मग पुढे. पुन्हा थोडा मागे.

रतनने मशीन थांबवलं. उद्या ही कुठल्याही मशीनवर बसेल, आणि चारचौघांत सांगेल, मला कुणी शिकवलं नाही.

जेवायच्या सुट्टीत त्याने ती एक ओळ लिहिली, वर जुनी तारीख घातली, खाली 'तुझा गुरू' अशी सही केली आणि पाकीट पोस्टाच्या पेटीत टाकलं. ते तळाशी आपटलं तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. पोस्टाचा शिक्का आजचाच पडणार.

त्याने फटीत बोटं घालून पाहिली. आत जाईनात.